मॅन्युअलमध्ये कमांड लिहायची कशी?

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मी मराठीत लिहितेय. जे जसंच्या तसं टाइप करायचं ते डबल कोटमध्ये टाकते, तर लोक कोटसकट टाइप करतात आणि एरर आली की मला फोन. मग बोल्ड करू का इटॅलिक?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, लोकांचं काहीच चुकत नाहीये. फाइलच्या नावात स्पेस असली की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कोट खरोखरच टाकावे लागतात, मग कुठला कोट कमांडचा आणि कुठला तुमचा हे बिचाऱ्यांना कळणार कसं? त्यात वर्ड सरळ कोटचे आपोआप गोल कोट करतं, दोन हायफनचा एक लांब डॅश करून टाकतं, दिसायला सगळं छान पण कॉपी-पेस्ट केलं की कमांड चालत नाही, त्यामुळे ती ऑटोकरेक्टची सेटिंग आधी बंद करा.

कमांडला मोनोस्पेस फॉन्ट द्या, म्हणजे ज्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते तो. मी कन्सोलास सुचवेन, कारण त्यात शून्याला तिरकी रेघ असते, ते इंग्रजी ओ वाटत नाही, आणि पासवर्ड किंवा फाइलच्या नावात तेवढ्यावरच सगळं अडतं. मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायची पद्धत) लिहीत असाल तर दोन्ही बाजूंना बॅकटिक (`) टाकलं की झालं. बोल्ड फक्त बटणं आणि मेनूच्या नावांना ठेवा.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅन पेजेसमध्ये, म्हणजे कमांडच्या माहितीच्या पानांत, जसंच्या तसं टाइप करायचं ते बोल्ड आणि आपण स्वतःचं घालायचं ते इटॅलिक अशी जुनी पद्धत आहे, पण मराठीत इटॅलिक नकोच, बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं इटॅलिक नसतंच, सॉफ्टवेअर तीच अक्षरं नुसती तिरकी ढकलतं आणि ते फार वाईट दिसतं. कोनी कंसही (< >) टाळा, टर्मिनलमध्ये त्यांचा अर्थ वेगळा, फाइलमधून वाच किंवा फाइलमध्ये लिही असा होतो. त्यापेक्षा खरं वाटेल असं नाव घालून पूर्ण कमांड द्या आणि खाली लिहा, ‘या नावाच्या जागी तुमच्या फाइलचं नाव घाला’.

आणि कमांड कायम वेगळ्या ओळीवर, शेवटी पूर्णविराम न देता. टर्मिनल कमांडच्या आधी दाखवतं ते डॉलरचं चिन्हही काढा, नवीन माणूस तेही कॉपी करतो. रूट युजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरसाठी, हॅश (#) दाखवतात ते तर जास्तच घातक, बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) ती ओळ कॉमेंट, म्हणजे नुसती टीप, समजून सोडून देतं, एररसुद्धा येत नाही आणि माणसाला वाटतं काम झालं.