‘किकुजिरो’ हा जपानी चित्रपट आठ वर्षांच्या मुलासोबत बघता येईल का?

हो, पण पूर्वार्धातला एक प्रसंग तुम्ही आधी एकट्याने बघून ठेवा. सोबतच्या माणसाने सायकल-शर्यतींच्या जुगारात पैसे उडवून झाल्यावर बागेत एक अनोळखी माणूस चित्रपटातल्या मुलाला, छोट्या मासाओला, बाजूला नेऊन छळू पाहतो. फार काही दाखवलेलं नाही, तरी मूल घाबरेल. तेवढा प्रसंग न दाखवता पुढे गेलात तर कथा कुठेही तुटत नाही. ताकेशी कितानोंच्या या १९९९ च्या चित्रपटात आईला शोधायला निघालेला मुलगा आणि त्याच्यासोबत धाडलेला शिवराळ, आळशी माणूस यांची मैत्री हळूहळू जमते. पाठीवर पंखांची सॅक लावून पळणारा मासाओ तर डोळ्यांसमोरून हलत नाही! उत्तरार्धातले खेळ बहुतेक हावभावांवरच चालतात, त्यामुळे सबटायटल वाचता न येणारं मूलही खळखळून हसतं. लांबी मात्र दोन तासांची आहे, मध्यंतर घ्याच.