घोळक्यात गेला की भुंकतो

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा मुधोळ जातीचा कुत्रा घरात अगदी गरीब गाय. पण रविवारी आम्ही सात-आठ जणं कुत्री घेऊन राजहंसगडाकडे चालायला जातो, तिथं नुसता भुंकत सुटतो. नेणं बंद करू का?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : बंद कशाला, ताई? मुधोळ हे नजरेनं शिकार हेरणारं कुत्रं. समोर सात शेपट्या हलल्या की डोकं ठिकाणावर कसं राहील? काही दिवस एकाच शांत कुत्र्यासोबत चालवा. समोरासमोर आणू नका. दोघं एकाच दिशेनं, मध्ये वीसेक पावलं. तुमचा जमीन हुंगायला लागला, अंग सैल सोडलं, की अंतर थोडं कमी करा. आमच्या कुत्रीला दीड महिना लागला. तोवर मी टिळकवाडीत ओळखीची कुत्री दिसली की मुकाट्यानं गल्ली बदलायचो!

दोरी ताणून धरू नका, निम्मा घोटाळा तिथंच होतो. आणि मुधोळचं डोकं निमुळतं. कुत्रं मागं सरकलं की गळ्यातला पट्टा डोक्यावरून सुटतो. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घ्या. रेबीजची लस दरवर्षी, हे सांगायला नकोच. पावसाळ्यात गवतातून आलात की कानामागं आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.