लिंकन ज्या ओंडक्यांच्या झोपडीत जन्मले, तीच केंटकीत जपून ठेवली आहे का?

नाही, हॉजनव्हिलच्या स्मारकातली झोपडी लिंकन यांच्या जन्मघराचे प्रतीक आहे, मूळ घर नव्हे. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. पण २००४ मध्ये लाकडातल्या वार्षिक वलयांवरून वय काढले, तेव्हा हे ओंडके १८४० च्या दशकातले निघाले. त्याआधीही शंका होतीच. १८९०च्या दशकात एका व्यावसायिकाने ही झोपडी सुटी करून गावोगावच्या प्रदर्शनांत नेली. १८९७ मध्ये नॅशव्हिलला तिच्या शेजारी जेफरसन डेव्हिस (यादवी युद्धात लिंकन यांच्या विरोधातल्या दक्षिणेकडील राज्यांचे अध्यक्ष) यांची म्हणून दुसरी झोपडी मांडली होती आणि पुढे दोन्हींचे ओंडके एकमेकांत मिसळले. १९११ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रॅनाइट-संगमरवरी स्मारकात ती नीट बसावी, लोकांना भोवतीने फिरता यावे, म्हणून तिचा आकारही कमी केला. जतनाच्या नावाखाली झालेली ही काटछाट मला फार खटकते. मात्र जागा खरी आहे: लिंकन कुटुंबाचे सिंकिंग स्प्रिंग शेत तेच, आणि ज्यावरून शेताला नाव पडले तो झरा आजही तिथे पाहता येतो. गेलात तर झऱ्याच्या पायऱ्या जरूर उतरा.