प्रश्न वाचकांचे: विद्याशाखा ओलांडून काम करताना

प्रश्न: आमच्या विद्यापीठात ‘ट्रान्सडिसिप्लिनरी’ केंद्र निघाले आहे. आंतरविद्याशाखीय काम तर आम्ही आधीपासूनच करतो. मग यात नवीन काय?

आंतरविद्याशाखीय कामात शाखा एकमेकींच्या पद्धती वापरतात, पण प्रश्न ठरवणारे सगळे विद्यापीठातलेच असतात. ट्रान्सडिसिप्लिनरी कामात ज्यांना प्रश्नाची झळ बसते आणि ज्यांच्या हाती निर्णय असतो, ते प्रश्न मांडण्यापासूनच सोबत असतात. ‘ट्रान्सडिसिप्लिनरी’ ही संज्ञा १९७० साली फ्रान्समधल्या नीस येथील परिषदेत स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडली. तेव्हा भर शाखांमधल्या भिंती पाडण्यावर होता. समाजाला सोबत घेण्याचा अर्थ पुढे, विशेषतः २००० च्या झ्युरिक परिषदेनंतर रुळला. तुमच्या केंद्राला एकच कसोटी लावा: बाहेरच्या माणसाच्या म्हणण्यामुळे एखाद्या प्रकल्पाचा मूळ प्रश्न कधी बदलला आहे का? नसेल, तर फक्त पाटी बदलली आहे.

प्रश्न: पूरनियंत्रणाच्या प्रकल्पात आम्ही जलशास्त्रज्ञ, अभियंते, समाजशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार आहोत. बैठका भरपूर होतात, पण शेवटी प्रत्येक जण आपापले प्रकरण लिहून देतो आणि अहवाल ठिगळे जोडल्यासारखा दिसतो. कुठे चुकते?

बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच. सगळे एकच शब्द वापरतात, म्हणून एकमत झाले असे वाटते. तुमच्याच विषयातला ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ घ्या. जलशास्त्रज्ञाच्या लेखी त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. म्हणजे ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. नगररचनाकारासाठी ती नकाशावरची रेषा आहे: आत बांधकामाला मनाई, बाहेर परवानगी. आणि नदीकाठचा रहिवासी समजतो की गेल्या वर्षी येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. हा फरक कागदावर आला नाही, तर तिघेही आपापल्या अर्थाने दोन वर्षे काम करतील.

म्हणून पहिल्या बैठकीत सादरीकरणे नकोत. आठ-दहा जण बसवा, त्यात निदान दोन रहिवासी आणि परवानगी देणारा एक अधिकारी हवा. ‘हा प्रश्न नेमका काय आहे?’ याचे उत्तर प्रत्येकाने, कोणाशी न बोलता, एका वाक्यात लिहावे. मग सगळी वाक्ये मोठ्याने वाचा. ज्येष्ठ प्राध्यापकाचे वाक्य सर्वांत शेवटी, नाहीतर बाकीचे त्याच सुरात बोलतात. ज्या शब्दांवर गाडी अडते असे दहा शब्द निवडा आणि प्रत्येकापुढे ‘या प्रकल्पात याचा अर्थ’ लिहून ठेवा. ही यादी दर तीन महिन्यांनी उघडायची.

दोन वर्षांच्या प्रकल्पात पहिले तीन-चार महिने यासाठीच राखा आणि तसे निधीच्या अर्जातच लिहा. तिथे ओळ नसेल तर पुढे कोणी वेळ देत नाही. समन्वयकाचा निदान अर्धा पगार आणि बाहेरच्या सहभागींचे मानधन त्याच अंदाजपत्रकात धरा. प्राध्यापक पगारी वेळेत येतात, रहिवासी रोजगार बुडवून येतात. हे विसरले की तिसऱ्या बैठकीपासून त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

आणि प्रकरणे शाखेनुसार वाटूच नका. ‘कोणती घरे हलवायची?’, ‘खर्च कोणाच्या माथी?’ अशा प्रश्नांनुसार वाटा आणि प्रत्येक प्रश्नाला दोन वेगळ्या शाखांचे लेखक द्या.

प्रश्न: अशा कामामुळे तरुण सहकाऱ्यांची पदोन्नती अडते. काय करावे?

ही तक्रार खरी आहे, आणि गंभीर आहे. एका शाखेचा परीक्षक म्हणतो, सिद्धान्त कच्चा. दुसरा म्हणतो, नमुना लहान. नियम बदलल्याशिवाय हे सुटणार नाही. निवड समितीत दोन शाखांचे परीक्षक आणि ते काम प्रत्यक्ष वापरणारी एक व्यक्ती, अशी तरतूद लिहून घ्या. श्रेयासाठी ‘क्रेडिट’ (CRediT) ही पद्धत वापरा; तिच्यात लेखकांचे योगदान ठरावीक १४ भूमिकांत नोंदवतात. कोणी काय केले ते प्रत्येक लेखाखाली स्पष्ट होते. मात्र स्थानिक ज्ञान देणाऱ्यांसाठी तिच्यात वेगळी भूमिका नाही. त्यांचे श्रेय आणि माहितीवरचा हक्क सुरुवातीच्या करारातच ठरवा.

प्रश्न: मी धोरण विभागात आहे. विद्यापीठाचा अहवाल नेहमी निर्णय झाल्यावर हाती पडतो.

विद्यापीठाला नुसता विषय देण्याऐवजी तुम्हाला घ्यायचा असलेला निर्णय सांगा: कोणता नियम, कोण बदलणार, मसुदा कोणत्या तारखेला गोठणार. त्या तारखेच्या सहा आठवडे आधी दोन पानांचे टिपण मागा. त्यात पर्याय, प्रत्येकाची अनिश्चितता, आणि कोणती माहिती आली तर शिफारस बदलेल, एवढे पुरे. तुमची बदली होऊ शकते, म्हणून प्रकल्पात व्यक्तीचे नाव नको, पद नोंदवा, आणि येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी झालेल्या निर्णयांची नोंद कारणांसह फाइलमध्ये ठेवा.