पोकरमधून रोजचे ठरावीक पैसे?

पोकर खेळून रोज दोन हजार रुपये काढायचेच, हे तू ठरवलेलं ध्येय आधी सोडून दे. तू खेळ चांगला शिकशील, याबद्दल मला शंका नाही. पण पोकरमध्ये कमाई दिवसावर मोजताच येत नाही.

हिशोब बघ. नो-लिमिट होल्डेम या पैजेला मर्यादा नसलेल्या पोकरच्या प्रकारात 100 डावांमागे 5 बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायची ठरलेली रक्कम) कमावणारा खेळाडू चांगलाच म्हणायचा. त्याच 100 डावांत नशिबाचा चढउतार मात्र साधारण 90 ब्लाइंडांचा असतो. कॅसिनोच्या टेबलावर तासाला जेमतेम 25-30 डाव होतात. म्हणजे दिवसभर बसून 200 डाव खेळलास, तर अपेक्षित कमाई 10 ब्लाइंड आणि वरखाली सव्वाशे! उत्तम खेळूनही अख्खा महिना तोट्यात जाऊ शकतो. अशा वेळी रोजचा आकडा गाठायच्या नादात माणूस रात्री उशिरापर्यंत कमजोर पत्त्यांवर पैसे लावत बसतो. मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

शिवाय पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, रेक (खेळवणाऱ्याचा हिस्सा) कापला जातो. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर, त्यातून हरलेले पैसे वजा होत नाहीत. 2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर देशभर बंदी आली; कोणी अ‍ॅपची लिंक पाठवली तर उघडूसुद्धा नकोस. गोव्याच्या कॅसिनोत जायचं तर प्रवास-मुक्कामाचा खर्च आलाच.

नोकरी सोडू नकोस. घरभाडं, हप्ते बाजूला काढून उरलेल्यातूनच खेळाची रक्कम ठेव, ती संपली की थांब. प्रत्येक बैठकीचे तास आणि निकाल वहीत लिही. उधारीवर एक डावही नको. झोप उडाली, घरी खोटं बोलावंसं वाटू लागलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर.