नंबर निवृत्त करायचा का?

प्रश्न : आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी बेसबॉलमध्ये महाराष्ट्राकडून खेळले. यंदा त्यांनी खेळणं थांबवलं, म्हणून शाळेत सत्कार ठेवलाय. मंडळातली पोरं म्हणतात, अमेरिकेतल्यासारखा या सरांचा नंबर 'निवृत्त' करू, म्हणजे तो पुढे कुणालाच द्यायचा नाही. हे आपल्याकडे जमेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : पोरांची हौस चांगली आहे, पण आधी क्रीडासाहित्याच्या खोलीत डोकावून या. बहुतेक शाळांत जर्सींचा एकच संच असतो. त्यातली एक खुंटीला टांगली, तर दहावीतला पिचर (चेंडू फेकणारा) काय बनियनवर खेळणार?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ही प्रथा १९३९ मध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाच्या लू गेरिगच्या ४ नंबरपासून पडली. तो असाध्य आजारानं खेळ सोडत होता. मला मात्र जॅकी रॉबिन्सनची तऱ्हा जास्त आवडते. कृष्णवर्णीयांना बंद असलेलं मोठ्या लीगचं दार त्यानं १५ एप्रिल १९४७ रोजी उघडलं. १९९७ मध्ये त्याचा ४२ नंबर सगळ्याच संघांनी निवृत्त केला, आणि आता दर १५ एप्रिलला झाडून सगळे खेळाडू ४२ घालून उतरतात. तुम्ही हेच करा. सत्काराच्या दिवशी एक सामना ठेवा आणि सरांचा नंबर कागदावर ठसठशीत लिहून सगळ्या पोरांच्या पाठीला टाचणीनं लावा. खर्च शून्य.

मानपत्राकडे जरा लक्ष द्या. 'देदीप्यमान कारकीर्द' वगैरे कुणालाही चालतं. अमेरिकेत कूपर्सटाउनला बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन आहे; तिथे ब्राँझच्या पाटीवर खेळाडूचे संघ, साल आणि कामगिरी कोरलेली असते. जपानी खेळाडू इचिरो सुझुकीची थोरवी सांगायला विशेषण लागत नाही : २००४ च्या हंगामात २६२ हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं), ८४ वर्षांचा विक्रम मोडीत. सरांचे जुने संघसहकारी गाठा, स्कोअरशीट, कात्रणं, प्रमाणपत्रं जमवा आणि तेच छापा.

तुम्ही कराडचे, गोळेश्वर शेजारी. तुम्हाला मी काय सांगावं? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्य आणलं, १९८४ मध्ये ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. तुमचे सर निदान हार घालून घ्यायला समोर आहेत.

एक विनंती : प्रमुख पाहुण्यांच्या आधी सरांना बोलू द्या. पाहुणे आटोपेपर्यंत पोरांचं लक्ष वडापावाकडे गेलेलं असतं.