रंगरूट ते महासैनिक: आधी हाडांचा हिशेब मांड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली, दोनदा वाचली. लढाईचे प्रसंग तुला चांगले जमतात, त्याबद्दल काही सांगायचं नाही. मी अडलो ते चौथ्या पानावर. १८ वर्षांचा रंगरूट टेबलावर झोपतो, डॉक्टर निळं इंजेक्शन देतात, तो किंचाळतो आणि पुढच्याच परिच्छेदात साडेसात फुटी महासैनिक होऊन दार उखडतो. तुझी खरी कथा त्या दोन परिच्छेदांच्या मधे होती आणि ती तू लिहिलीच नाहीस. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे ती जागा मला मोकळी सोडवत नाही.

तुला आवडणारी कल्पनाविश्वंच घेऊ. 'वॉरहॅमर ४०,०००' हा टेबलावर खेळायचा युद्धखेळ १९८७ साली इंग्लंडात आला. त्यातले मूळ 'स्पेस मरीन' नावाचे महासैनिक एका इंजेक्शनात होत नाहीत. कोवळ्या वयात निवडलेल्या मुलाच्या अंगात एकामागून एक १९ अवयव बसवले जातात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी दुसरं हृदय. मग हाडं वाढवणारा अवयव, मग स्नायू वाढवणारा, मग त्या दोघांवर लक्ष ठेवून रक्ताची घडण सांभाळणारा. असं करत करत शेवटी छातीपाठीच्या कातडीखाली काळं कवच, ज्याच्यामुळे चिलखत थेट मज्जातंतूंना जोडलं जातं. तपशील कल्पनेतले आहेत, पण क्रम पटतो. जुन्या घरावर मजला चढवायचा तर आधी पाया बघतात, तसं हे आहे.

तू कागद-पेन्सिल घे. साडेपाच फुटी, ६५ किलोचा मुलगा त्याच ठेवणीत साडेसात फुटांचा केला. उंची जेमतेम १.३६ पट झाली. वजन मात्र उंचीच्या घनाने वाढतं, म्हणजे अडीच पट, १६५ किलोंच्या आसपास. हाडाची जाडी, म्हणजे त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, वर्गाने वाढतं, १.८६ पट. म्हणजे मांडीच्या हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आता ३६ टक्के जास्त भार, आणि तोही नुसतं उभं राहिल्यावर. तू त्याला दुमजली इमारतीवरून उडी मारायला लावतेस! गॅलिलिओने हे १६३८ साली चित्र काढून दाखवलं होतं. महाकाय प्राण्याचं हाड नुसतं लांब करून भागत नाही, ते बेढब वाटेल इतकं जाड करावं लागतं.

खऱ्या आयुष्यात हा भार कसा दिसतो ते बघायचं असेल तर रॉबर्ट वॅडलोबद्दल वाच. नोंद असलेल्यांपैकी सर्वांत उंच माणूस, २.७२ मीटर. पीयूष ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक अतोनात स्रवत होतं म्हणून तो वाढतच गेला. चालायला त्याला पायांना आधाराच्या पट्ट्या लागत. पावलांची जाणीव बोथट झाली होती. १९४० साली अशाच एका पट्टीने घोट्याला फोड आला, तो चिघळला, आणि त्यातच तो २२व्या वर्षी गेला. जगातला सर्वांत उंच माणूस एका फोडाने गेला. तुझ्या महासैनिकाच्या पायांकडे तू एकदाही बघितलं नाहीस.

म्हणून हाडं आधी आणि स्नायू नंतर. उलट केलंस तर नवा स्नायू त्याला हाडाशी बांधणाऱ्या जुन्या कंडरेला हाडापासून उपटून काढील. स्नायूंना लगाम घालणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं. १९९७ साली शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये त्याचा जनुक बंद केला आणि उंदीर बलदंड झाले. 'बेल्जियन ब्लू' जातीच्या गुरांमध्ये हा जनुक मुळातच बिघडलेला असतो. ती गुरं बघण्यासारखी असतात, पण वासरं इतकी मांसल की बऱ्याचदा पोट फाडूनच जन्माला घालावी लागतात. व्हिपेट जातीच्या शर्यतीच्या कुत्र्यांचं तर मला फार नवल वाटतं. बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असली तर कुत्रा वाऱ्यासारखा पळतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर तो गोळीबंद स्नायूंचा ढिगारा होतो आणि शर्यतीच्या कामाचा उरत नाही. तुझ्या छावणीतल्या डॉक्टरांना हे ठाऊक असायला हवं. मात्रा कुठे थांबवायची यावरून त्यांच्यात वाद होऊ दे. एखादी डॉक्टरीण "आणखी एक डोस" या हुकमावर सही करायला नकार देऊ दे.

आता वयाचा मुद्दा. तो तू एका आकड्यात उरकलास. उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्यांमुळे. त्या मुलींमध्ये साधारण १४-१५व्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये १६-१७व्या वर्षी मिटतात. त्यानंतर वाढीचं संप्रेरक कितीही ओतलं तरी उंची वाढत नाही. जबडा पुढे येतो, हातपाय रुंदावतात, हृदय सुजल्यासारखं मोठं होतं. म्हणजे तुझा १८ वर्षांचा, स्वखुशीने सही करणारा रंगरूट उशिरा आला. सेनापतींना असा सैनिक हवा असेल तर त्यांना शाळकरी पोरं उचलावी लागतील, ज्यांच्या सहीला काही अर्थ नाही. संमतीवर तुला वेगळं भाषण लिहायची गरजच उरत नाही बघ. तो प्रश्न हाडाच्या टोकाशीच बसलेला आहे.

'हेलो' या व्हिडिओ गेमच्या विश्वात लेखकांनी ही गोष्ट टाळली नाही. तिथे २५१७ साली ७५ मुलं पळवून आणतात, सगळी सहा वर्षांची. घरच्यांना कळू नये म्हणून प्रत्येकाच्या जागी झटपट वाढवलेली प्रतिकृती ठेवतात. ती प्रतिकृती काही काळाने आजारी पडून मरते आणि आईबाप तिलाच आपलं लेकरू समजून मूठमाती देतात. मुलं १४ वर्षांची झाली की शस्त्रक्रिया. त्यातून ३३ जण सैनिक म्हणून उभे राहतात, ३० मरतात, १२ जगतात पण लढण्याच्या कामाचे राहत नाहीत. या बाराजणांकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी वेदनेचं बोलतो. "त्याला आता वेदना जाणवत नव्हती" हे तू बक्षीस दिल्यासारखं लिहिलं आहेस. २००६ साली एक शोधनिबंध आला होता. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांमधल्या मुलांना एका जनुकातल्या बिघाडामुळे जन्मापासून वेदनाच कळत नव्हती. या शोधाची सुरुवात ज्याच्यामुळे झाली तो मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडात सुरे खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. मित्रांसोबत खेळताना त्याने घराच्या छपरावरून उडी मारली आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो गेला. बाकीच्या मुलांच्या ओठांना आणि जिभेला लहानपणी स्वतःच चावून घेतल्याच्या जखमा होत्या. वेदना न कळणाऱ्या सैनिकांची तुकडी तू लिहिणार असशील, तर रोज संध्याकाळी एकमेकांचं अंग तपासायचा नियम त्यांना घालून दे. बूट काढा, तळवे दाखवा, जीभ बाहेर काढा. मोडलेलं बोट जोडीदाराने शोधून काढायचं. एवढ्या एका प्रसंगाने ती मुलं वाचकाच्या मनात घर करतील.

झोपेचं थोडक्यात. जर्मन सैन्याने १९४० च्या फ्रान्स मोहिमेत सैनिकांना मेथॅम्फेटामाइन या झोप उडवणाऱ्या औषधाच्या गोळ्या वाटल्या होत्या, नाव पर्व्हिटिन. जागरण होतं, पण झोपेची उधारी फेडावीच लागते. तुझ्या कथेत ती कोण आणि कधी फेडतं, एवढं ठरव.

दुसऱ्याचा अवयव बसवला की प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते, हेही विसरू नकोस. ती दाबून ठेवली तर सैनिक साध्या सर्दीने आडवा होईल. 'वॉरहॅमर' मध्ये यावर एक अफलातून कल्पना आहे. सैनिकाच्या मानेत आणि छातीत दोन ग्रंथी वाढतात, त्यांच्यात पुढच्या पिढीच्या अवयवांचं बीज साठतं आणि तो मेला की वैद्य येऊन ती काढून नेतो. मुलाला दिलेलं शरीर हे त्याच्याकडे ठेवायला दिलेलं कर्ज आहे. असा एखादा नियम तुझ्या जगाचा स्वतःचा हवा. त्यांचा उचलू नकोस.

आता ते जे मुळीच लिहिलं नाहीस: शस्त्रक्रियेनंतरचे महिने. आपला हात कुठे आहे हे डोळे मिटूनही कळतं, कारण स्नायू आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात. अंग झपाट्याने बदललं की मेंदूकडे असलेला जुना नकाशा चुकतो. वयात येणारी मुलं धडपडतात, पेले सांडतात, ती काही अंशी याचमुळे. मग एकदम दोन फूट वाढलेल्या मुलाचं काय होईल? त्याच्या हातात बंदूक द्यायला अजून वेळ आहे. उस्ताद त्याला आधी सदऱ्याची बटणं लावायला बसवील. पहिल्या दिवशी बटणं तुटतील. मग काज फाटेल. मग तो रागाने सदराच टराटरा फाडील. उस्ताद काही न बोलता दुसरा सदरा पुढे ठेवील. आठवड्याने एक बटण लागेल, आणि त्या पोराला आईने शाळेत जाताना गळ्याशी लावलेलं बटण आठवेल किंवा आठवणार नाही. हे तू ठरव, पण पानभर लिही.

फ्रान्सच्या सैन्याच्या नीतिसमितीने डिसेंबर २०२० मध्ये सैनिकांच्या क्षमता वाढवण्यावर संशोधन करायला मुभा दिली, पण काही रेषाही आखल्या. सैनिकाला पुन्हा नागरी आयुष्यात परतणं अवघड होईल असा बदल करायचा नाही, ही त्यांतली एक. म्हणजे आजच्या खऱ्या फौजांनाही हा प्रश्न पडला आहे. साडेसात फुटी माणूस एसटीच्या सीटवर कसा बसेल, असा विचार तुझ्या सेनापतीने केलेला नाही, कारण परत पाठवायचा त्याचा बेतच नाही.

आता ते बाराजण. तुझ्या कथेत अशा एकाला जागा दे. त्याची हाडं आखल्याप्रमाणे जुळली नाहीत, पण डोकं शाबूत आहे. घरी सोडला तर गुपित फुटेल म्हणून त्याला छावणीतच ठेवला आहे आणि त्याच्याकडे नोंदवही सोपवली आहे. नव्या तुकडीतल्या प्रत्येक मुलाची उंची, वजन, नाडी तोच लिहितो. कोणाच्या आकड्यांत आपलीच लक्षणं दिसायला लागली आहेत, हे त्याला डॉक्टरांच्या आधी कळतं. कथा त्याच्या तोंडून सांगून बघ. लढाई एकच ठेव, तीही त्याला दुरून ऐकू येईल तेवढीच.

दिवाळी अंकाला अजून अवकाश आहे. नवा खर्डा गणपतीच्या आत पाठव, म्हणजे मला सावकाश वाचता येईल. आणि वजनांचे आकडे पुन्हा एकदा तपासून घे.

तुझा,
सर